पोटावरची माया

वजनाचं गणित : लेखांक ९

मागच्या लेखात आपण अडलेल्या काट्याबद्दल बोललो. आजची तक्रार उलटी आहे. काटा खाली येतोय, गाल बसलेत, शर्टाची कॉलर सैल झालीय, भेटेल तो 'बरं नव्हतं का?' म्हणून विचारतोय. पोट मात्र होतं तिथेच आहे. आंघोळीनंतर आरशासमोर उभं राहिलं की बेंबीखालची ती वळी चिमटीत येतेच. वजन कमी करायला निघालेल्या बहुतेकांची या वळीशी कधीतरी गाठ पडते आणि पुष्कळ जण तिथेच कंटाळून सगळं सोडून देतात.

माझीही पडली. नऊ महिन्यांत आठ किलो उतरवून मी जुन्या तीन पँटी घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेलो. मी जुन्या वळणाचा, पँट बेंबीच्या आसपास घालणारा. मास्तरांनी टेप गुंडाळला, मागची शिलाई चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "दोन इंच आत घ्यावी लागेल. कापड कापत नाही हं, माया तशीच ठेवतो."

"कशाला?"

"लागते परत, साहेब."

शिवणकामातली माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. उद्या अंग भरलं तर उसवून सोडायला. मास्तरांच्या टोमण्याचं मला काही वाटलं नाही, पण घरी येताना एक कोडं डोक्यात घोळत राहिलं. आरशात पोट तेवढंच दिसतंय, तर हे दोन इंच गेले कुठून?

एका पोटात दोन चरब्या

चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. तिच्यामागे पोटाच्या स्नायूंची भिंत आहे. या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि इतर अवयवांभोवती दुसरी चरबी साठते. आतड्यांसमोर एप्रनसारखा एक पडदा लोंबत असतो, त्याला ओमेंटम म्हणतात. तो या आतल्या चरबीचं मोठं कोठार. ही चरबी चिमटीत सापडत नाही. ढोलासारखी टणक पुढे आलेली ढेरी, जी उताणं झोपल्यावरही फारशी बसत नाही, तिच्यात बहुधा या चरबीचा वाटा मोठा असतो.

दोघींत खरी घातक आतली. तिच्यातल्या ओमेंटमसारख्या मोठ्या भागाचं रक्त थेट यकृतात जातं. त्यामुळे तिच्यातून सुटलेली मेदाम्लं आधी यकृतावर आदळतात. यकृतात चरबी साचते, इन्शुलिनला शरीर दाद देईनासं होतं, रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या वाटा इथून फुटतात.

याचा एक बोलका पुरावा २००४ साली अमेरिकेत मिळाला. स्थूल असलेल्या १५ स्त्रियांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढली. प्रत्येकीची सरासरी नऊ-दहा किलो चरबी गेली, पोट दिसायला सपाट झालं. दहा-बारा आठवड्यांनी तपासण्या केल्या तर इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं होतं तसंच! नळीने बाहेर आली होती ती फक्त त्वचेखालची चरबी. आतल्या कोठाराला कोणी हात लावला नव्हता, आणि काढलेली चरबी कमी खाऊन, चालून खर्च झालेली नव्हती.

कोण आधी जातं?

शरीराला उष्मांक कमी पडू लागले की ॲड्रेनलिनसारखी रसायनं चरबीच्या पेशींना साठा सोडण्याचा निरोप देतात. निरोप घेणाऱ्या ग्राहींचे दोन मुख्य प्रकार आहेत. बीटा ग्राहींनी निरोप घेतला तर चरबी सुटते, अल्फा-२ ग्राहींनी घेतला तर अडते. आतल्या चरबीच्या पेशी बीटा निरोपाला चटकन दाद देतात. त्वचेखालच्या पेशींवर, त्यातही स्त्रियांच्या मांड्या-नितंबांवर, अल्फा-२ चं बळ जास्त. म्हणून वजन उतरू लागलं की, विशेषतः सुरुवातीला, टक्केवारीच्या हिशेबात आतली चरबी बाहेरचीपेक्षा वेगाने घटते.

माझे दोन इंच बरेचसे असे आतून गेले होते. आरसा वरची वळी दाखवत होता आणि मास्तरांचा टेप भिंतीमागची घट मोजत होता.

तेव्हा ज्या चरबीला आपण 'हट्टी' म्हणून शिव्या घालतो ती बरीचशी निरुपद्रवी असते, आणि जी धोक्याची ती तुलनेने आधी निघून गेलेली असते. वळी शिल्लक आहे म्हणजे मेहनत फुकट गेली, हा निष्कर्षच चुकीचा. बेंबीखालची ती घडी म्हणजे शरीराने ठेवलेली माया आहे. दुष्काळ पाहिलेल्या देहाने अडीअडचणीसाठी दुमडून ठेवलेलं कापड. ते तो सर्वांत शेवटी उसवतो.

पाच हजार सिट-अप्स

मग त्याच जागेवर घाव घातला तर? पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जाळता येईल, ही कल्पना व्यायामशाळेइतकीच जुनी असावी. १९८४ साली अमेरिकेत ती तपासून पाहिली. काही पुरुषांकडून २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढून घेतल्या. आधी आणि नंतर त्यांच्या पोटाच्या, पाठीच्या आणि नितंबाच्या चरबीचे सुईने नमुने घेतले. पोटावरच्या पेशी बाकीच्या जागांपेक्षा काही जास्त आकसल्या नाहीत. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले होते. रॅकेटच्या हाताचे स्नायू जाड भरले, चरबीचा थर मात्र दोन्हीकडे सारखाच निघाला.

कारण साधं आहे. स्नायूला इंधन मुख्यतः रक्तातून आणि स्वतःच्या साठ्यातून मिळतं, आणि रक्तात ते अंगभरच्या चरबीतून येतं. वरच्या थरातून थेट ओढून घ्यायला तिथे नळ नाही. पोटाचे व्यायाम जरूर करा, कंबर आणि पाठ धड राहते. वळीचा हिशेब मात्र त्यांच्या खात्यावर लावू नका. कंबरेला बांधायच्या घामाच्या पट्ट्याने पाणी जातं, तेही दोन पेले प्यायलात की परत येतं. लिंबू-मध किंवा जिऱ्याच्या पाण्यात चरबी कापणारं काही नसतं. साखरेच्या चहाऐवजी नुसतं जिऱ्याचं पाणी घेतलंत तर उपयोग होईल, तो साखर चुकल्याचा.

आपल्याकडेच पोट का सुटतं?

हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्या नात्यागोत्यात पावलोपावली दिसणारी ठेवण आहे. तिचा शोध पुण्यातच लागला म्हणायला हरकत नाही. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं स्नायूंनी पुष्कळ लहान होती, पण त्वचेखालच्या चरबीत तितकी मागे नव्हती. दिसायला बारीक, आतून मेदाळ. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 'थिन-फॅट' भारतीय बाळ जगभरच्या डॉक्टरांच्या बोलण्यात आलं.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. त्यात शेजारी शेजारी दोन डॉक्टर उभे होते, याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा आपल्याबाबतीत किती फसवा आहे, हे यापेक्षा कमी शब्दांत सांगणं कठीण.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच कंबरही मोजली गेली. त्यात सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुषांचं पोट मर्यादेबाहेर निघालं. बाळंतपणं, वाढतं वय, मासिक पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटून मांड्यांऐवजी पोटावर साठू लागणारी चरबी, हे सगळं स्त्रियांच्या वाट्याला येतं. आणि घरात सर्वांत कमी चौकशी होते ती त्यांच्याच पोटाची.

टेप कुठे लावायचा?

काट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवायचा, तर टेप नीट लावता आला पाहिजे. पँटीचा आकडा म्हणजे कंबर नव्हे. बहुतेक पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात. चौतिसाची पँट घालणाऱ्याचं पोट एकोणचाळीस भरू शकतं.

सकाळी चहाच्या आधी, अनवाणी उभे राहा. कुशीत बोटं फिरवून शेवटच्या फासळीची खालची कड शोधा, मग कंबरेच्या हाडाची वरची कड. दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप आडवा गुंडाळा, तो मागे कलला नाही ना हे आरशात पाहा. त्वचेला लागेल इतपतच, काच पडेल इतका आवळायचा नाही. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सुटलेल्या श्वासावर आकडा वाचा. पोट आत ओढायचा मोह होईल. ओढू नका, तिथे दुसरं कोणी बघत नसतं.

भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. टेप नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घ्या, दुमडून अर्धी करा आणि याच जागी गुंडाळून बघा. टोकाला टोक भिडलं तर ठीक. मध्ये फट राहिली तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे.

मग करायचं काय?

जे करत आलात तेच, थोडं सावकाश आणि जास्त दिवस. उरलेली वळी घालवायला म्हणून अचानक एकवेळ जेवणं किंवा भाकरी-भात सोडणं हा मार्ग नाही. एवढ्या उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते आपल्याकडे आधीच कमी.

चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, असं धरलं तर दिवसाला १६० उष्मांक होतात. महिन्याचे ४,८०० झाले. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात, म्हणजे कागदावर तरी सहाशे ग्रॅम चरबी नुसत्या चहाच्या साखरेत विरघळलेली आहे. पोटासाठी वेगळा आहार शोधण्याआधी अशा रोजच्या खर्चाकडे बघा. दारूच्या एका ग्रॅममध्ये ७ उष्मांक, शिवाय बरोबरचा चकणा वेगळाच.

प्रथिनं दर जेवणात हवीत : उसळ, घट्ट वरण, दही, अंडी, मासे, ज्याला जे चालेल ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं मोजमाप आहे. जिम परवडत नसेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस आणि भिंतीला हात लावून जोर, यांनी सुरुवात करता येते.

आणि झोप. २०२२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये बारा निरोगी माणसांना दोन आठवडे रात्री चारच तास झोपू दिलं. त्यांची पोटातली चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली, वजन मात्र जेमतेम हललं. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल बघून पहाटे पाचला पोटासाठी पळायला जाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एक सावधगिरी. प्रत्येक पोट चरबीचंच असतं असं नाही. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध फाकलेले राहिले तरी पोट पुढे दिसतं. त्यासाठी फिजिओथेरपिस्टला दाखवावं. हातपाय बारीक होतायत पण पोट काही आठवड्यांत फुगलंय, पायांवर सूज आहे, थोडं खाल्लं की पोट गच्च होतंय, किंवा स्टेरॉइडची औषधं चालू आहेत, तर व्यायाम वाढवत बसू नका. डॉक्टरांकडे जा.

माझी वळी अजून आहे. तिच्याशी मी आता भांडत नाही. मास्तरांनी माया ठेवली ते बरंच केलं. ती उसवायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या हातात आहे.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एकच. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो, सिलिंडर लावल्याची तारीख असते. उद्या सकाळी टेप लावा आणि त्याच चौकोनात तुमच्या कंबरेचा आकडा लिहा. घरातल्या बाईचाही लिहा. चार आठवड्यांनी पुन्हा मोजा. तोपर्यंत चिमटीत काही धरून बघायचं नाही.