तारेनं जोडलेला प्रिंटर : ‘कॉपी १’ आली कुठून?

लॅनच्या तारेनं प्रिंटर थेट संगणकाला जोडायचं या आठवड्यासाठी कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मधेच सांगोल्याहून एक पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई सेतू केंद्र चालवतात. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, सातबारे, अर्ज. दिवाळीआधी त्यांनी टेबल झाडून काढलं, सगळ्या केबल काढून, पुसून पुन्हा लावल्या. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, केबल घट्ट; पण प्रिंट दिली की संगणक म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन. यादीत पाहिलं तर त्याच नावाचा आणखी एक प्रिंटर, पुढे कंसात ‘कॉपी १’. दुरुस्तीवाल्यानं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, पैसे घेतले. पुढे संगणक जरा सरकवला, केबल पुन्हा काढून लावली आणि तेच रडगाणं सुरू.

बिघाड कशातच नाही. केबल आधी मागच्या ज्या यूएसबी पोर्टमध्ये होती, ती आता शेजारच्या पोर्टमध्ये बसली आहे, इतकंच. पण दोन्ही पोर्ट सारखेच, मग संगणकाला एवढा फरक का पडावा?

यूएसबी केबल खोचली की संगणक आधी समोरच्याची ओळख विचारतो. प्रिंटर दोन आकडे सांगतो : एक कंपनीचा, एक मॉडेलचा. एप्सनचा आकडा ०४बी८, एचपीचा ०३एफ०. हे आकडे कंपन्यांना नेमून दिलेले असतात. आता कंपनी कळली, मॉडेल कळलं. पण त्या मॉडेलचे हजारो प्रिंटर बाजारात असतात, त्यातला नेमका हा कोणता? त्यासाठी तिसरी गोष्ट असते, त्या एकाच यंत्राचा अनुक्रमांक. घोळ इथेच आहे. पेनड्राइव्हच्या नियमांत हा क्रमांक सक्तीचा आहे, तोही किमान १२ अक्षरी. प्रिंटरला तशी सक्ती नाही. प्रत्येक यंत्रात कारखान्यातच वेगळा क्रमांक भरायचा म्हणजे एक जास्तीचं काम, म्हणून काही कंपन्या तो देतच नाहीत.

क्रमांक नसला की विंडोजपुढे जागा पाहण्यावाचून मार्ग उरत नाही. भाडेकरूला नावानं न ओळखता खोली नंबरानं ओळखावं, तसं. पोर्ट बदलला की तोच प्रिंटर विंडोजच्या लेखी नवा. नवा म्हणून त्याला ‘यूएसबी००२’ असा नवा कप्पा मिळतो आणि यादीत ‘कॉपी १’ उभी राहते. जुनी नोंद मात्र ‘यूएसबी००१’कडेच बोट दाखवत असते. तिथे आता कुणीच नाही, म्हणून ऑफलाइन.

यात मी विंडोजला दोष देत नाही. समजा, एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर एका संगणकाला जोडलेत. एकात साधा कागद, दुसऱ्यात छापील लेटरहेड. नुसत्या अंदाजानं दोघांना एक मानलं असतं, तर लेटरहेडचं पत्र साध्या कागदावर आलं असतं. दोष क्रमांक न देणाऱ्यांचा.

तुमच्या प्रिंटरला क्रमांक आहे का, हे पाहता येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ शोधा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ उघडा आणि यादीतून ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’ निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यातल्या शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा तुकडा पाहा. त्यातलं दुसरंच अक्षर ‘&’ असेल, तर तो तुकडा विंडोजनं स्वतः बनवलेला आहे; प्रिंटरनं क्रमांक दिलेला नाही. सरळ अक्षरं-आकड्यांची ओळ असेल, तर क्रमांक आहे. स्कॅनर असलेल्या ऑल-इन-वन यंत्रांत मात्र ही ओळ ‘यूएसबी कंपोझिट डिव्हाइस’खाली पाहायची. प्रिंटिंग सपोर्टखाली ‘&’ दिसलं, तरी तिथे ते ग्राह्य नाही.

आता ताईंचं काम. सगळ्यात सोपं म्हणजे केबल जुन्या पोर्टमध्ये परत लावणं. जुनी नोंद आपोआप जागी होते. तो पोर्ट आठवत नसेल, तर प्रिंटरच्या यादीत जुन्या नोंदीचं ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडा. नुसतं ‘प्रॉपर्टीज’ नव्हे, ते वेगळं आहे. त्यात ‘पोर्ट्स’ टॅबवर ‘यूएसबी००१’ची खूण असेल. ‘कॉपी १’ची खूण ज्या कप्प्यावर आहे, तीच इथेही करा. ‘जनरल’ टॅबवरून टेस्ट पेज काढा. निघालं की ‘कॉपी १’ काढून टाका. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही. शिवाय विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला सांभाळू दे’ अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. ते चालू असलं, की ज्यावर शेवटची प्रिंट दिली तोच डिफॉल्ट होतो आणि कॉप्यांच्या गर्दीत कोण कुठला, हे कळेनासं होतं. पोर्ट एकदा ठरला की त्याच्या कडेला आणि केबलच्या पिनवर नेलपॉलिशचा एक-एक ठिपका द्या.

हा त्रास एलपीटीच्या, म्हणजे जुन्या पॅरलल पोर्टच्या, दिवसांत नव्हता. आयबीएम पीसी १९८१ साली २५ पिनांचा पोर्ट घेऊन आला, तेव्हा संगणक प्रिंटरला काहीच विचारत नसे. एलपीटी१ वर जो बसलाय त्याला अक्षरं पाठवायची, झालं. प्रिंटरनं आपली कंपनी, मॉडेल आणि त्याला कोणती आज्ञाभाषा कळते हे सांगायची रीत १९९४ च्या आयईईई १२८४ या मानकानं बांधून दिली आणि यूएसबीच्या प्रिंटरांनी तीच पुढे नेली.

किराणा आणि औषधांच्या दुकानांत अजून डॉट मॅट्रिक्स चालतात, त्यांतले जुने पंचवीस पिनांच्या केबलला एक यूएसबीचा अडॅप्टर लावून. तिथे संगणकाला ओळख मिळते ती अडॅप्टरची. मागचा प्रिंटर त्याला दिसत नाही. या अडॅप्टरांना बहुधा अनुक्रमांक नसतोच, त्यामुळे पोर्ट बदलला की तिथेही ‘कॉपी १’. उपाय तोच. ताईंनी टेस्ट पेज निघाल्यावर कळवावं, आणि जमल्यास ‘डिव्हाइस इन्स्टन्स पाथ’च्या ओळीचा शेवटचा तुकडाही लिहून पाठवावा. लॅनची तार पुढच्या आठवड्यात.