मन्यास्तंभ, विश्वाची आणि दबलेली नस : पाच मिनिटांची हस्तपरीक्षा

पिंपळे गुरवमधील चिकित्सालयाचा दिवस कंपन्यांच्या पाळ्यांप्रमाणे चालतो. सकाळी रात्रपाळीहून परतलेले चाकण-भोसरीचे कामगार येतात, सायंकाळी हिंजवडीहून आलेले संगणक-अभियंते. उंच धरलेल्या गाडीखाली उभे राहून, मान मागे टाकून नट आवळणारा कामगार आणि दिवसभर पडद्याकडे मान पुढे काढून बसणारा अभियंता यांचे व्यवसाय भिन्न. तक्रार मात्र एकच. "डॉक्टर, मान दुखते आणि हाताला मुंग्या येतात. नस दबली असेल का?"

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पहिल्या अध्यायात मन्यास्तंभाची जी कारणे सांगितली आहेत, ती वाचताना हाच रुग्ण डोळ्यांसमोर उभा राहतो. दिवसा झोपणे, बसण्या-उभे राहण्याची सदोष रीत आणि वाकड्या मानेने वर पाहणे, ही ती कारणे होत. रात्रपाळीच्या कामगारास दिवास्वाप टळत नाही आणि साखळीवरील कामात ऊर्ध्वनिरीक्षण सुटत नाही. याच अध्यायात विश्वाची आणि अवबाहुक हे स्वतंत्र व्याधी वर्णिले आहेत. मन्यास्तंभात मान जखडते. विश्वाचीत बाहूच्या पृष्ठभागावरून बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा दुष्ट होऊन हाताचे कर्म नष्ट होते. अवबाहुकात खांद्याचे बंध शोष पावतात. आचार्यांनी हे तीन वेगळे का सांगितले, याचा विचार आपण गर्दीच्या वेळी विसरतो आणि तिघांनाही एकच तेल, एकच गुग्गुळ देऊन मोकळे होतो. प्रस्तुत लेखकही यास अपवाद नाही.

काही वर्षांपूर्वी साठीकडे झुकलेले एक निवृत्त कामगार मानेच्या जखडणीसाठी येत असत. दर्शन आणि प्रश्न या दोन परीक्षा झाल्या, स्पर्शन मानेच्या स्नायूंपुरतेच राहिले. तीन आठवडे ग्रीवाबस्ती व नस्य केले; मान मोकळी झाल्याचे ते सांगत. एके दिवशी त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, "हल्ली यांच्या पायातली चप्पल निसटते आणि ह्यांना कळतच नाही. शर्टाची बटणंही मीच लावते." त्या दिवशी प्रथमच मी त्यांचे गुडघे ठोकून पाहिले. प्रतिक्षिप्त क्रिया अतिशय तीव्र होत्या. मानेतील मज्जारज्जूवर दाब आला होता. पुढे शस्त्रकर्म झाले, चाल बरीच सुधारली. बोटांची सफाई मात्र पूर्ण परतली नाही. ग्रीवाबस्तीने अपाय केला असे नव्हे. तीन आठवडे गेले, हा अपाय झाला. त्यानंतर मानेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची पुढील परीक्षा केल्याशिवाय मी तेलाची वाटी हाती घेत नाही.

प्रथम मज्जारज्जू, मग नाडीमूळ

क्रम महत्त्वाचा आहे. रुग्णास एका पावलापुढे दुसरे पाऊल टाचेला अंगठा लावून दहा पावले चालावयास सांगावे. मुठी शक्य तितक्या वेगाने उघडबंद करावयास सांगाव्यात. दहा सेकंदांत वीस वेळा जमले नाही, तर संशय घ्यावा. मधल्या बोटाचे नख खाली दाबून झटकन सोडावे. अंगठा व तर्जनी आपोआप आत वळली, तर हॉफमन यांचे चिन्ह उपस्थित आहे असे समजावे. मान पुढे वाकविताच पाठीच्या कण्यातून विजेसारखा झटका गेला, तर ते लर्मिट यांचे चिन्ह होय. गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया पाहाव्यात, तळपायावर रेघ ओढून अंगठा वर उठतो का ते पाहावे आणि मूत्रप्रवृत्तीविषयी विचारावे. हॉफमन यांचे चिन्ह क्वचित निरोगी माणसातही आढळते. म्हणून एका चिन्हावर निर्णय न घेता सर्वांचा मेळ पाहावा. मज्जारज्जूवरील दाबाचा सबळ संशय असेल, तर मान ओढणे, पिळणे, झटका देणे आणि जोरकस मर्दन ही सर्व वर्ज्य होत. अशा रुग्णास त्वरित एमआरआय व मेंदू-मज्जा शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे.

नाडीमूळ दबल्याची चार लक्षणे

मज्जारज्जू निर्दोष वाटल्यावर नाडीमुळाकडे वळावे. अमेरिकेतील स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या शल्यतज्ज्ञांनी 1944 साली वर्णिलेली परीक्षा आजही सर्वाधिक प्रचलित आहे. रुग्णास बसवून मान दुखऱ्या बाजूस कलती करावी आणि डोक्यावर दोन्ही हातांनी हळूहळू खाली दाब द्यावा. मणक्यांमधील ज्या छिद्रातून नाडीमूळ बाहेर पडते, ते या स्थितीत अरुंद होते. वेदना वा मुंग्या हातात उतरल्या तरच परीक्षा होकारात्मक मानावी. केवळ मान दुखली तर ती नकारात्मक समजावी. येथेच बहुतेकांची गल्लत होते. नुसती मान कलविताच हातात कळ गेली, तर वर दाब देण्याचे कारण उरत नाही. नुकताच अपघात झालेला, अस्थिसौषिर्य असलेला किंवा जुना आमवात असलेला रुग्ण असेल, तर ही परीक्षा करूच नये.

दुसरी परीक्षा याच्या उलट. रुग्णास उताणे निजवून एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्याच्या मागील उंचवट्याखाली ठेवून मान सावकाश आपल्याकडे ओढावी. हाताची वेदना ओसरली, तर नाडीमूळ दबल्याचा संशय बळावतो. तिसऱ्या परीक्षेत मान दुखऱ्या बाजूस वळवून मोजावी. साठ अंशांपर्यंतही ती वळली नाही, तर नोंद करावी.

चौथी परीक्षा हाताच्या नाड्या ताणण्याची. रुग्ण उताणा असताना खांदा खाली दाबून धरावा, हात बाजूस उचलावा, तळवा वर करून मनगट व बोटे मागे वळवावीत, दंड बाहेरच्या बाजूस फिरवावा आणि शेवटी कोपर सावकाश सरळ करावे. नेहमीच्या मुंग्या उठल्या, किंवा निरोगी हाताच्या तुलनेत कोपर दहा अंशांहून अधिक अपुरे सरळ झाले, किंवा मान विरुद्ध बाजूस कलविताच त्रास वाढला, तर परीक्षा होकारात्मक होय. निरोगी माणसालाही यात थोडा ताण जाणवतो, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना अनिवार्य आहे.

वेनर व सहकाऱ्यांनी 2003 साली 82 रुग्णांमध्ये या परीक्षांची तुलना स्नायूंच्या विद्युत-तपासणीशी केली. चारपैकी तीन परीक्षा होकारात्मक असतील, तर नाडीमूळ दबल्याची शक्यता सुमारे 65 टक्के आणि चारही असतील तर सुमारे 90 टक्के आढळली. नाड्या ताणण्याची परीक्षा नकारात्मक आल्यास निदान बहुधा बाद करता येते. उलट, स्पर्लिंग यांची परीक्षा होकारात्मक आल्यास निदानास बळ मिळते. नकारात्मक आल्यास मात्र निश्चिंत होता येत नाही. अभ्यास लहान होता, म्हणून हे आकडे अंतिम न मानता दिशादर्शक मानावेत.

पाचवे एक चिन्ह रुग्ण स्वतःच दाखवितो. प्रतीक्षाकक्षात एखादा कामगार दुखरा हात डोक्यावर ठेवून बसलेला दिसला, तर त्यास आत बोलाविण्यापूर्वीच निम्मे निदान झाले असे समजावे. हात वर उचलल्याने मुळावरील ताण कमी होतो आणि त्यास बरे वाटते. खांद्याच्या विकाराचा रुग्ण सहसा असा बसणार नाही.

कोणते मूळ?

मानेत मणके सात आणि नाडीमुळे आठ. त्यामुळे सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादी सरकली, तर सातवे मूळ दबते. पाचव्या मुळात दंड बाजूस उचलण्याची शक्ती घटते. सहाव्यात अंगठ्याकडे बधिरता येते आणि मनगट मागे वळविण्यात दुर्बलता जाणवते. सातव्यात मधले बोट बधिर होते, कोपर सरळ करण्याची शक्ती व तेथील प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. आठव्यात करंगळी बधिर होऊन पकड सैल होते. मूळचे भारतीय असलेले मज्जातज्ज्ञ राधाकृष्णन यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेतील रॉचेस्टर येथील 1976 ते 1990 या काळातील 561 रुग्णांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध केला. त्यात सातवे मूळ सर्वाधिक बाधित आढळले, सुमारे चतुर्थांश रुग्णांवर शस्त्रकर्म झाले आणि अखेरच्या तपासणीत 90 टक्के रुग्ण निर्वेध किंवा अत्यल्प त्रासात होते. म्हणजे योग्य निदान झालेला बहुसंख्य रुग्ण आपल्या चिकित्सेने सुधारण्याजोगा असतो. मात्र स्नायूची शक्ती दर भेटीत तपासून लिहून ठेवली पाहिजे. ती घटत असेल, तर वेदना कमी झाली तरी समाधान मानू नये.

जे मानेचे नाही ते

आपण खांदा फिरवूनही तो बाहेरच्या बाजूस वळत नसेल, तर अवबाहुकाचा विचार करावा. रात्री हात झटकत उठणाऱ्या रुग्णाची मनगटे एक मिनिट पुढे वाकवून धरावीत. अंगठा ते मधले बोट यांत मुंग्या उठल्यास नाडी मनगटात दबली आहे. डाव्या हाताच्या वेदनेबरोबर घाम, दम किंवा छातीत जडपणा असेल, तर मानेस हात न लावता हृदयाचा आलेख काढावा. ज्वर, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना ही मणक्याच्या क्षयाची किंवा अर्बुदाची सूचना असू शकते.

औषधी दुकानदार बंधूंस विनंती

पुष्कळ कामगार वैद्याकडे न येता थेट दुकानात जाऊन महानारायण तेल किंवा एखादी वटी मागतात. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत : हातातून वस्तू पडते का? चालताना तोल जातो का? मानेला मार लागला होता का? एकाचेही उत्तर होकारार्थी आले, तर औषध न देता वैद्याकडे पाठवावे. विषतिंदुकयुक्त कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती केवळ वेष्टनावर राहू नये.

पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व औंधचे जिल्हा रुग्णालय आपल्यापासून दूर नाहीत. विमाधारक कामगारांसाठी चिंचवडचे कामगार विमा रुग्णालय आहे. रुग्ण पाठविताना "मानदुखी" एवढेच न लिहिता कोणती परीक्षा होकारात्मक आली, कोणता स्नायू दुर्बल आहे आणि ते केव्हापासून, हे चिठ्ठीत लिहावे. अशी चिठ्ठी पाहून समोरचा तज्ज्ञ आपल्याशी समपातळीवर बोलतो आणि रुग्णाचे दिवस वाचतात.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपलीच आहे. वर वर्णिलेल्या परीक्षा स्पर्शनाचाच विस्तार होत. यासाठी एक खाट, एक हातोडी आणि पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे मी एका रुग्णास दिली नाहीत. वाचकांपैकी कोणावर ती चूक करण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.