नाक वर, ग्लायडर खाली!

कामशेतच्या टेकडीवर आम्ही चौघे हँग ग्लायडिंग शिकायला गेलो होतो. उतारावर पळताना एका मित्राने घाईने बार पुढे ढकलला. ग्लायडरचं नाक वर गेलं, एक पंख कलला आणि स्वारी थेट झुडपात! नशीब, खरचटण्यावर भागलं.

फ्लुइडच्या तासाला झोपणाऱ्यांनो, कारण ऐका. कोन तोच असेल तर लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा, तर लिफ्ट पाव. ती भरून काढायला नाक जास्त उचललं, की हवा पंखाचा वरचा पृष्ठभाग सोडते आणि लिफ्ट कोसळते. हाच स्टॉल. १८९६ मध्ये ग्लायडर असाच स्टॉल होऊन ऑटो लिलिएंथाल कोसळले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

म्हणून तोंड वाऱ्याकडे, नाक स्थिर, आणि ग्लायडर आपल्याला उचलेपर्यंत पळत राहायचं. उडी मारायची नाही!