बेचाळीस टाके

सांधण दरीच्या मध्यावर, कमरेएवढ्या गार पाण्यात, माझ्या सॅकचा खांद्याचा पट्टा मुळातून उसवला. सॅक नवीन होती. घेताना मी पट्टा दाबून पाहिला होता, चांगला जाड आणि मऊ लागला होता. तो जिथे शिवलेला होता, ती जागा मात्र पाहिली नव्हती.

साम्रदकडून शिरून शहापूर तालुक्यातल्या डेहण्याकडे उतरणाऱ्या या घळीत एकदा कातळावरून दोर खाली ओढून घेतला की माघारीची वाट संपते. आमच्याबरोबर दोर लावायला आलेल्या डेहण्याकडच्या पोराने न बोलता माझी फाटकी सॅक स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि त्याची पिशवी मला दिली. ताडपत्रीसारखं पिवळं कापड, घासून घासून पांढरं पडलेलं. शिवण मात्र तसूभर हलली नव्हती. कुठून आणली, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आटगावची मावशी शिवते."

त्या मावशींना भेटायला मी गेलो. कसारा लोकलने आटगाव, तिथून तानसाच्या रस्त्याला थोडं आत, पत्र्याची शेड. दारातच वास आला, जळक्या नायलॉनचा. गोडसर, घशात बसणारा. तो वास मला घळीतून ओळखीचा होता. नायलॉन 220 ते 260 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं. दोरावरून कुणी भरधाव उतरलं की उतरायचं धातूचं साधन चटका बसेल इतकं तापतं. कोरड्या टप्प्यावर तसा वास आला, तर पहिलं काम वेग कमी करायचं. शेडमध्ये तोच वास दिवसभर असतो, कारण इथे पट्टे कात्रीने कापत नाहीत. तापलेल्या सुरीने कापतात, म्हणजे टोकाचे धागे वितळून एकजीव होतात आणि पट्टा उलगडत नाही. एकच उष्णता घळीत भीतीची आणि इथे भरवशाची.

शेडमध्ये चौघीजणी. दोराच्या पिशव्या, पाठीवरच्या पिशव्या आणि हार्नेसच्या मागे बांधायची बैठक, म्हणजे कातळावरून घसरताना आधी झिजावी अशी ढाल. कापड आखायचं, कापायचं, शिवायचं, आयलेट ठोकायचे. मावशींचं काम शेवटचं. पट्टा जिथे पिशवीला मिळतो, तिथे बारटॅक मशीनवर टाके घालायचे. बटण दाबलं की सुई एका दमात आडवीतिडवी धावते आणि 42 टाके पडतात. मशीनचा तो ठरलेला हिशेब.

"बेचाळीस पडले पायजेत," त्या म्हणाल्या. "मधीच बॉबिन संपली तर वरून सगळं बरोबर दिसतं. उलटं करून बघायचं." त्या प्रत्येक पट्टा उलटा करून अंगठा फिरवत होत्या. माझ्या फाटक्या सॅकच्या मुळाशी त्यांनी तोच अंगठा फिरवला. तिथे बारटॅक नव्हताच, साधी शिलाई दोनदा मारलेली होती. त्यांनी नुसती मान हलवली.

मग जास्त टाके घातले तर जास्त मजबूत होईल का, असं मी विचारलं. त्यांनी कापडाचा एक तुकडा उचलला, त्यावर सुई अगदी जवळजवळ चालवली आणि माझ्या हातात दिला. ओढल्याबरोबर तो टपाल तिकिटाच्या कडेसारखा सरळ रेषेत फाटला. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. शिवण धरून ठेवते आणि कापड कमजोरही करते. 42 टाके कुठे घालायचे, याच्याइतकंच कुठे सुई लावायचीच नाही, हेही ठरवावं लागतं. म्हणून या पिशवीच्या तळाला शिवणच नाही. एकच कापड खालून वळून दोन्ही बाजूंनी वर येतं. जिथे कातळ घासणार, तिथे दोरा उघडा ठेवायचा नाही.

कातळ कोणता, त्यावर पिशवी ठरते. अमेरिकेत युटा राज्यातल्या झायनच्या घळी वालुकाश्माच्या. तो दगड पॉलिश कागदासारखा कापड खातो. तिथल्या घळींत उतरणाऱ्या टॉम जोन्स यांनी त्या दगडाला टिकतील अशा पिशव्या करायला इम्ले कॅनियन गिअर ही कंपनी उभी केली. आपला सह्याद्री सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. बेसॉल्ट पाण्याखाली गुळगुळीत आणि शेवाळी असतो, पण फुटला की त्याला धार येते. आपली पिशवी झिजते कमी, चिरली जाते जास्त. म्हणून ही शेड कोपऱ्यांवर दुहेरी कापड लावते. दुसऱ्या देशातल्या दगडासाठी आखलेली वस्तू इथे महाग पडते आणि पुरीही पडत नाही, असं माझं मत तिथे उभं राहून पक्कं झालं.

पिशवीच्या तळाला आयलेट, म्हणजे पाणी निघून जायची भोकं, का ठोकतात ते मावशींनीच सांगितलं. 40 लिटरची पिशवी डोहात बुडून भरली की तिच्यात 40 किलो पाणी. बाहेर येताना ते पाणी उतरणाऱ्याला मागे, खाली, उलटं ओढणार. पाणी आपणहून निघून गेलं पाहिजे. हे त्यांना घळीत उतरून कळलेलं नाही. त्या कधीच घळीत उतरलेल्या नाहीत. पण भरलेला हंडा डोक्यावर घेऊन जिचं निम्मं आयुष्य गेलं, तिला पाण्याचं वजन समजावून सांगावं लागत नाही. पट्ट्याचा आतला भाग त्या चुंबळीसारखा भरतात, मधे पोकळ, कडेला भरीव, म्हणजे भार हाडावर येत नाही.

जवळच तानसाचं धरण आहे. 1892 पासून ते मुंबईला पाणी देतं. वैतरणा आणि भातसाही इकडेच. तरी या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मावशींच्या पाड्यावरही येतो, त्या दिवशी त्या लवकर निघतात. शहरातली माणसं हौसेने पाण्यात उतरतात, त्यांची पिशवी पाण्यासाठी थांबणारी बाई शिवते. हे मला तिथे बोचलं आणि अजून बोचतं.

दुपारी एक पोरगा आला. पावसाळ्यात माळशेजकडच्या धबधब्यांवर दोर लावायचं काम करतो म्हणाला. त्याने हार्नेस काढून टेबलावर ठेवला. पुढचा फास, ज्यात कॅराबिनर अडकतो, लोकरीसारखा पिंजला होता. "मावशी, यावर तुमचे बेचाळीस मारून द्या. रविवारी बॅच आहे."

मावशींनी फास बोटांत धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे मी शिवत नाय."

पोराने पैशांचं काढलं. त्या म्हणाल्या, पैशांचं नाही. "पिशवी फाटली तर जेवण भिजंल. याच्यावर तू लटकणार."

त्यांचं बरोबर होतं. हार्नेसची शिवण ओढून, तुटेपर्यंत ओढून तपासायची असते. त्यासाठी मशीन लागतं, ते या शेडमध्ये नाही. दोराचंही तसंच. घळीत वापरायच्या ए प्रकारच्या दोराने युरोपीय मानकाप्रमाणे किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ 2200 किलोंचा ताण सोसला पाहिजे. अंगठा फिरवून असा आकडा सांगता येत नाही. म्हणून जीव ज्यावर टांगायचा ते ही शेड करत नाही, दुरुस्तही करत नाही. 2021 मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी आली. पण रोजंदारीच्या पोराच्या कमरेला काय बांधलंय, हे रविवारी सकाळी कोण उलटं करून बघतं? त्या दिवशी पाहिलं ते मावशींनी.

"नवा कोण देईल?" पोरगा म्हणाला.

"ज्यानं तुला वर उभा केला, त्यानं द्यायचा. त्याला सांग, शिवून मिळत नाय."

पोरगा हार्नेस उचलायला लागला. मावशींनी त्यावर हात ठेवला. "इथून नेलास तर रविवारी बांधशील. कापू?"

तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने मान हलवली. मावशींनी तापलेली सुरी त्या फासावरून एकदा फिरवली. धूर निघाला, तोच गोडसर वास शेडभर पसरला, आणि फासाची दोन टोकं कडक, काळी होऊन वेगळी झाली. त्या पुन्हा मशीनकडे वळल्या. माझ्या सॅकचा पट्टा सुईखाली घेतला, बटण दाबलं, उलटा केला आणि अंगठा फिरवला.