सुई निवडताना आधी तबकड्या पाहाव्यात

जुन्या टर्नटेबलच्या कार्ट्रिजसाठी नवी सुई घ्यायची म्हटलं की चौकशी सहसा कार्ट्रिजच्या नावापासून सुरू होते. मॉडेल कोणतं, मूळ सुईचा क्रमांक काय, तशीच आता कुठे मिळेल? हे प्रश्न विचारावे लागतातच, पण त्यांची पाळी दुसरी. आधी कपाट उघडून तबकड्या पाहायला हव्यात, कारण हिऱ्याच्या टोकाचा आकार कसा हवा हे तबकडीवरची खाच ठरवते. महाराष्ट्रातल्या जुन्या संग्रहांच्या बाबतीत तर ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. एकाच कपाटात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आणि बालगंधर्वांच्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतात आणि शेजारीच साठ-सत्तरच्या दशकांतल्या एलपी आणि ईपी. भारतात 78च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. म्हणजे एलपी आल्यानंतरही काही वर्षं दोन्ही प्रकार बाजारात बरोबरीने होते आणि घरांत ते तसेच साठत गेले. या दोन खाचांची मापं इतकी वेगळी आहेत की दोन्हींना न्याय देणारी एकच सुई असूच शकत नाही.

सुई बदलणं म्हणजे नेमकं काय बदलणं, हे शुअर कंपनीच्या व्ही-15 टाइप थ्री या 1973 सालच्या कार्ट्रिजवर चांगलं समजतं. हे चलचुंबक पद्धतीचं कार्ट्रिज. हेडशेलला स्क्रूने बसवलेल्या त्याच्या मूळ भागात तारेची वेटोळी असतात. पुढच्या बाजूने ओढून काढता येते ती प्लास्टिकची छोटी बैठक. तिच्यात हिऱ्याचं टोक, ते धरणारी कँटिलिव्हर नावाची बारीक नळी, नळीच्या मागच्या टोकाला चुंबक आणि हे सगळं तोलून धरणारं रबर. सुई हलली की चुंबक हलतो आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. याचा अर्थ, जे जे हलतं ते सगळं सुईच्या बैठकीत आहे. वेटोळी पन्नास वर्षांनंतरही बहुधा शाबूत असतात, झिजतो हिरा आणि म्हातारं होतं रबर. एकाच कार्ट्रिजवर दोन वेगळ्या बनावटीच्या सुया लावल्या तर ती दोन वेगळी कार्ट्रिज वाटावीत इतका फरक पडतो, तो त्यामुळेच. दुकानात तिला सुटा भाग म्हणतात खरं, पण ती घेताना आपण अर्धं कार्ट्रिज विकत घेत असतो.

आता खाचेचा हिशेब. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोहोचेपर्यंत हाच वेग 21 सेंटिमीटरवर येतो. 10 किलोहर्ट्झच्या स्वराची एक लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब असते, आत फक्त 21. साध्या गोल टोकाची त्रिज्या सुमारे 18 मायक्रॉन. तबकडीच्या शेवटाला ते टोक त्या बारीक वळणात पुरतं उतरू शकत नाही, वळणं बुजवत पुढे जातं. एलपीच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे ऐकू येतात, त्याचं एक मोठं कारण हे. लंबवर्तुळाकार टोकाची बाजूची त्रिज्या 5 ते 8 मायक्रॉन असते. ते खाचेत आडवं बसतं आणि वळणांशी जास्त प्रामाणिक राहतं. व्ही-15 टाइप थ्रीची मूळ व्हीएन-35ई ही सुई याच घडणीची आणि पाऊण ते सव्वा ग्रॅम इतक्या कमी दाबावर चालणारी. एलपींचा संग्रह ज्याला रोज ऐकायचा आहे त्याने लंबवर्तुळाकाराच्या खाली उतरू नये, असं माझं ठाम मत आहे.

हाच नियम 78ला लावला की मात्र सगळं बिघडतं. तिथे खाच एलपीच्या दुप्पट-तिप्पट रुंद असते. एलपीचं टोक तिच्या भिंतींना टेकण्याऐवजी थेट तळाशी जातं आणि तिथल्या धुळीत, झिजून पडलेल्या भुकटीत लोळतं. ऐकू येते ती नुसती खरखर, आणि ऐकणारा म्हणतो, जुनी तबकडी आहे, असंच वाजणार. तबकडीचा दोष नसतो, टोकाचा असतो. इथे सुमारे 63 मायक्रॉन त्रिज्येचं, म्हणजे अडीच मिलचं टोक हवं आणि दाब अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास. मोठं गोल टोक म्हणजे खालच्या दर्जाचं, असा समज इथे लागू पडत नाही. 78ची खाच लेबलजवळसुद्धा सेकंदाला 40 सेंटिमीटरच्या वर सरकते, शिवाय तिच्यात कोरलेले स्वरही एलपीइतके तीव्र नसतात. तेव्हा वळणं बुजण्याची भीती बरीच कमी. या तबकड्यांत स्वर खाचेच्या आडव्या हालचालीत कोरलेला असतो, म्हणून दोन्ही चॅनेल जोडून मोनो केलं की उभ्या हालचालीतून येणारी खरखर आपसूक कापली जाते. रुंद टोक आणि मोनोची जोडणी या दोन साध्या गोष्टींनी करीम खाँसाहेबांचा आवाज जितका पुढे येतो, तितका कोणत्याही महागड्या सुईने येणार नाही.

यावर जाणकारांचा आक्षेप असा की टोक जितकं धारदार घडणीचं तितकं चांगलं, मग थेट शिबाटा किंवा मायक्रो-रिजच का घेऊ नये? आक्षेपात तथ्य आहे. शिबाटा टोक सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या तबकड्यांसाठी घडवलं गेलं, कारण तिथे 30 किलोहर्ट्झची वाहक लहर वाचायची होती. अशी टोकं भिंतीला उभ्या लांब रेषेत टेकतात, दाब विभागला जातो आणि झीज कमी होते. पूर्वीच्या गोल सुयांनी झिजवलेल्या पट्ट्याच्या वर किंवा खाली, न झिजलेल्या भागावर टेकण्याची शक्यताही त्यांत असते. पण ही टोकं बसवण्यात कसूर खपवून घेत नाहीत. सुई समोरून सरळ उभी हवी, आर्मची उंची नीट हवी, तबकडीशी होणारा कोन अचूक हवा. ज्या जुन्या ऑटोचेंजरच्या आर्मला यातलं काहीच जुळवता येत नाही, तिथे चारपट पैसे देऊन मायक्रो-रिज लावणं मला पटत नाही. तेवढ्या रकमेत एलपीसाठी एक चांगली लंबवर्तुळाकार आणि 78साठी एक रुंद अशा दोन सुया येतात, आणि बैठक ओढून काढता येत असल्याने त्या आलटून पालटून लावता येतात. फक्त दर वेळी दाब नव्याने जुळवायला विसरू नये.

दुसरा आग्रह मूळ कंपनीच्या सुईचा. शुअरने 2018मध्ये कार्ट्रिज आणि सुयांचं उत्पादन थांबवलं, तेव्हा आता अस्सल म्हणून मिळते ती कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेली. खोकं न उघडलेलं असलं तरी आतलं रबर वयाला चुकत नाही. ते कडक झालं की सुई जड स्वरांना उसळते, मऊ पडलं की कार्ट्रिजचं पोट तबकडीला घासायला लागतं. म्हणून अशी सुई हातात आली की पाहावी. दहापट भिंगातून कँटिलिव्हर समोरून मधोमध आहे का, हिरा तिच्यावर तिरका बसलाय का, हे कळतं. झीज पाहायला शंभर-दोनशेपट सूक्ष्मदर्शक लागतो: न वापरलेल्या टोकावर प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो, झिजलेल्यावर दोन्ही बाजूंना चपट्या तुकड्यांसारखी चमक दिसते. मग दाब योग्य ठेवून सुई तबकडीवर टेकवावी आणि बाजूने पाहावं. कँटिलिव्हर थोडी दबून स्थिर राहिली तर रबर जिवंत आहे. याउलट ह्योगो प्रांतातल्या जिकोसारख्या जपानी कंपन्या, ज्यांची सुरुवात शिवणकामाच्या सुया बनवण्यातून झाली, या जुन्या कार्ट्रिजसाठी आजही ताज्या सुया घडवतात. त्यांचा आवाज मूळ सुईची हुबेहूब नक्कल नसतो, हे मान्य. तरीही पन्नास वर्षांच्या रबरावर पैसे लावण्यापेक्षा ताजी सुई घेणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. अगदी स्वस्त, नाव नसलेल्या सुया मात्र टाळाव्यात. त्यांत हिऱ्याचं पॉलिश कच्चं असतं आणि त्याची किंमत तबकडी मोजते.

आर्मचं वजन हाही विचारात घ्यायचा मुद्दा आहे. आर्मचं प्रभावी वस्तुमान 12 ग्रॅम आणि कार्ट्रिज 6 ग्रॅम असेल आणि सुईची लवचिकता 25 एकक असेल, तर दोहोंची मिळून अनुनादाची कंपनसंख्या साडेसात हर्ट्झच्या आसपास येते. ती वाकड्या तबकडीच्या हेलकाव्यांच्या फार जवळची. 12 एककांची थोडी कडक सुई लावली तर ती पावणेअकरा हर्ट्झवर जाते, म्हणजे 8 ते 12च्या सुरक्षित पट्ट्यात. जड आर्मच्या जुन्या यंत्रावर मूळच्यापेक्षा कडक सुई अधिक चांगली वाजू शकते ती यामुळे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवं कार्ट्रिजच घ्यावं, असंही कोणी म्हणेल. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-95 मालिकेत लंबवर्तुळाकारापासून 78च्या रुंद टोकापर्यंत सगळ्या सुया एकाच कार्ट्रिजवर बसतात, आणि ज्याच्या जुन्या कार्ट्रिजची वेटोळी तुटली आहेत त्याने खुशाल तोच मार्ग धरावा. वेटोळी धड असताना मात्र चांगलं जुनं कार्ट्रिज टाकून देण्याचं कारण दिसत नाही.

हिऱ्याचं आयुष्य साधारण 500 ते 1000 तास धरलं जातं, पण ते स्वच्छ तबकडीवर. तेव्हा सुईसाठी काढलेल्या पैशांतला थोडा भाग तबकड्या धुण्यासाठी राखून ठेवावा, आणि तिथेही आधी तबकडी ओळखावी. एलपीसाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं. व्हिनाइलला ते चालतं. लाख मात्र अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून 78ची तबकडी त्याने कधीही पुसू नये. शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि पूर्ण वाळल्यावरच नवी सुई तिच्यावर टेकवायची.