पडदा कुणाच्या ताब्यात?

जयंतीच्या आदल्या रात्री साक्रीच्या वस्तीत आम्ही संगणकावरून भिंतीवर जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) हा चित्रपट दाखवत होतो. महाडचा प्रसंग आला. चवदार तळ्याच्या पाण्याला ओंजळ लागणार, तोच चित्र आकसून लहान चौकटीत गेले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या आया हळहळल्या.

"व्हायरस आहे, सगळे पुसून नव्याने भरावे लागेल," दुकानदाराने निकाल दिला. त्याच संगणकात वस्तीच्या वीस वर्षांच्या कार्यक्रमांची छायाचित्रे! आम्ही नकार दिला आणि स्वतःच शोधायला बसलो.

दोष बहुधा साधा असतो. मागे गुपचूप चालणारा एखादा प्रोग्राम आपली चौकट पुढे आणतो आणि पडद्याचा ताबा घेतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप'मधले अनावश्यक प्रोग्राम बंद करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. संगणक पुन्हा सुरू करा. त्रास थांबला, तर एकेक प्रोग्राम परत चालू करा. ज्याच्यामुळे चित्र पुन्हा आकसेल, तोच चोर. काळी चौकट क्षणभर चमकून जात असेल, तर टास्क शेड्युलरमध्ये त्या वेळी कोणते काम चालले ते पाहा.

आमचा चोर प्रिंटरसोबत आलेला, शाई संपल्याची हाकाटी करणारा प्रोग्राम निघाला. जयंतीच्या रात्री ओंजळ पाण्याला लागली आणि वस्तीने जयघोष केला.

यंत्र विकत घेतले म्हणजे ते आपले होत नाही. त्याच्या पोटात काय चालते, हे आपल्या पोरापोरींनी शिकलेच पाहिजे. नाहीतर निकाल दुसराच कुणी देणार!