बागेखालचा वायू

कोपरखैरण्याच्या निसर्ग उद्यानात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांपैकी जुन्या रहिवाशांना ठाऊक असतं, की ही बाग एकेकाळच्या डम्पिंग ग्राउंडवर फुलली आहे. ते बंद झालं आणि नवी मुंबईचा कचरा तुर्भ्याला जाऊ लागला. पण वरून माती टाकली म्हणून आतलं कुजणं थांबत नाही.

हवा न मिळता शिळा भात, भाजीचे देठ कुजले की जिवाणू मिथेन तयार करतात. ढिगातून येणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडकवतो, शिवाय पेट घेतो. २०१६ साली देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं तेव्हा मुंबईने तो धूर अनुभवला.

या वायूपासून वीज करायची तर ढिगात भोकं पाडलेले पाइप उभे रोवायचे, ब्लोअरने वायू ओढायचा, त्यातलं पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड काढून तो गॅस इंजिनात सोडायचा. शाम्पू, क्रीम यांतून येणारे सिलिकॉनचे अंश राहिले, तर इंजिनात जळून वाळूसारखी पुटं धरतात. ओढ जास्त झाली तर बाहेरची हवा आत शिरते आणि ढीग आतून धुमसू लागतो. एवढं सांभाळून एका घनमीटर वायूतून मिळते जेमतेम पावणेदोन-दोन युनिट वीज.

मुंबईत गोराईचं डम्पिंग २००७ साली बंद झालं. सुमारे २० हेक्टरांवर २३ लाख टनांहून जास्त कचरा होता. तो झाकून वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली, आशियाई विकास बँकेकडून कार्बन क्रेडिटपोटी आगाऊ पैसेही मिळाले. मुख्य काम मात्र वायू जाळून टाकण्याचं होतं. मिथेन मोकळा सुटण्यापेक्षा जळलेला केव्हाही बरा, त्यामुळे याला अपयश म्हणणं मला पटत नाही.

वीज करण्यातली खरी अडचण आपल्या कचऱ्याच्या स्वभावात आहे. त्यात ओलं जास्त, वर कोकणचा पाऊस. त्यामुळे तो झटपट कुजतो. वायूचा जोर पहिल्या काही वर्षांत येतो आणि ओसरतो. ढीग बंद करून, निविदा काढून इंजिन बसेपर्यंत बराचसा मिथेन उडून गेलेला असतो.

म्हणून जुन्या ढिगातला वायू गोळा करून जाळावा, पण विजेची आशा ताज्या ओल्या कचऱ्यावर ठेवावी. तो बंद टाकीत कुजवला, तर वायू पहिल्यापासून हाती लागतो. फक्त ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात पिशवीसकट भाजी टाकून चालत नाही. प्लॅस्टिक टाकीतल्या ढवळणीला गुंडाळतं आणि यंत्र तिथेच अडतं.